औषधाची स्ट्रिप फेकू नका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं किडनी निकामी होऊन आमच्या नागपुरातल्या दवाखान्यांत येत होती. कित्येक परत गेलीच नाहीत. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या नमुन्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. मर्यादा आहे 0.1 टक्का. नमुना तपासला गेला, म्हणून हे कळलं तरी.

माझ्या वडिलांच्या वेळी तपासायला काही उरलंच नव्हतं. आकडीच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरवड्यात अंगभर फोड आले, तोंड सोलून निघालं. जीव वाचला, एका डोळ्याची नजर गेली. वकिलांनी पहिल्यांदा विचारलं, "स्ट्रिप आहे का? बिल?" बिल दुकानदाराने दिलंच नव्हतं. स्ट्रिप आईने कधीच कचऱ्यात टाकली होती. तिच्या डोळ्यांसमोर नको होती ती.

साहेब, कायदा आहे. 1940 च्या औषध कायद्याच्या कलम 26 नुसार कुणीही फी भरून, विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. कलम 32 नुसार पीडित व्यक्ती स्वतः खटला दाखल करू शकते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाकडून भरपाई मागता येते, दोन वर्षांच्या आत. मात्र चिठ्ठीवरच्या औषधाचा धोका कंपनीने डॉक्टरांना कळवला असेल, तर इशारा न दिल्याच्या दाव्यातून याच कायद्याचं कलम 87 तिला वाचवतं. तो धोका डॉक्टरांनी आपल्याला सांगितला नाही, हे मग पेशंटने कशाच्या आधारे सिद्ध करायचं? आणि जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट, तिथला पेशंट तर ग्राहकच ठरत नाही. आमच्याच जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात बनावट अँटिबायोटिक सापडलं होतं. त्या गोळ्या ज्यांनी खाल्ल्या, त्यांनी कुठे दाद मागायची?

प्रत्येक मेडिकलमध्ये आणि सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर ठळक मराठीत फलक लावा: बिल घ्या, त्रास झाला तर औषध जपून ठेवा, 1800-180-3024 या औषधांच्या दुष्परिणामांच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा. कलम 26 चा अर्ज तिथेच मिळू द्या. तक्रार आली की औषध निरीक्षकाने त्याच दिवशी उरलेलं औषध सील करावं. फुकट औषध घेणाऱ्यासाठी भरपाईची वेगळी सोय करा.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असता. त्या दिवसांत शहरातल्या पाच-सहा मेडिकलमध्ये साध्या गिऱ्हाईकासारखं जा आणि न मागता बिल कुठे मिळतं, ते स्वतः पाहा.

आपली,
नागपूरची एक मुलगी