खरिपाच्या बटाट्याला कूज सहन करणारे वाण द्या : केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय कृषिमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर बटाटा खरिपात, पावसाच्या भरवशावर घेतला जातो. बेणे पंजाबातून मंचरच्या बाजारात येते. उत्तरेच्या कोरड्या थंडीत पोसलेले हे बेणे आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर कापून ओल्या रानात लावतो, आणि झड लागली की सरीत उकरून पाहताना फोड बोटांत लिबलिबीत होऊन येते. बुरशीनाशकात घोळलेले बेणेही यातून सुटत नाही, कारण ओली कूज जिवाणूंमुळे होते.

पाणी साचलेल्या मातीत कंदाला हवा मिळत नाही, तेव्हा सालीवरची श्वसनछिद्रे फुगून पांढऱ्या पुटकुळ्यांसारखी दिसू लागतात. जिवाणू तेथून आत शिरतात आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन विरघळवतात. एकदा ते आत गेले की कोणतीही फवारणी उपयोगाची नाही. बांगडी रोगाचे, म्हणजे जिवाणूंमुळेच झाड मरवणाऱ्या रोगाचे, दुखणे आणखी वेगळे आहे, कारण वरून निरोगी दिसणाऱ्या बेण्यातूनही तो रानात येतो आणि कंद कापल्यावर दिसणारी तपकिरी कडी बहुधा उशिराच नजरेस पडते. काढणीनंतर अरणीत, म्हणजे झाकून ठेवलेल्या ढिगात, रचलेल्या मालात असा एक कंद राहिला, तरी भोवतालचे कंद पाझरू लागतात.

म्हणून उपाय वाणातच शोधावा लागेल. हे काम सोपे नाही, याची आम्हाला जाणीव आहे. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असतात आणि ओल्या कुजीला होणारा प्रतिकार एखाद्या जनुकावर अवलंबून नसतो. सालीची जाडी, कंदातील कॅल्शियम, जखम भरून येण्याचा वेग असे अनेक गुण एकत्र यावे लागतात. सोलॅनम कॉमरसोनी या जंगली जातीत ओली कूज आणि बांगडी या दोन्हींना प्रतिकार आढळतो, परंतु लागवडीच्या बटाट्याशी तिचा थेट संकर होत नाही आणि पेशीसंयोगासारख्या, म्हणजे दोन्ही जातींच्या पेशी प्रयोगशाळेत एकत्र जोडण्याच्या, आडवाटेने जावे लागते. वर्षे लागतील, हे मान्य. पण सुरुवात तरी व्हावी.

सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पठारी प्रदेशासाठी कुफरी लवकर हे वाण १९७२ मध्ये दिले होते, म्हणजे या प्रदेशाचा वेगळा विचार होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या आग्र्याजवळील प्रादेशिक केंद्रालाही आपल्या सरकारने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे.

आमची मागणी एवढीच आहे की, या दोन्ही संस्थांच्या पैदास कार्यक्रमात कूज-प्रतिकार हे स्वतंत्र उद्दिष्ट असावे, निवडीतील वाणांचे कंद टोचून त्यांत जिवाणू सोडून त्यांची चाचणी व्हावी, आणि अंतिम चाचण्या आमच्याकडे, भर खरिपात, कापलेले बेणे लावून घ्याव्यात. काढणीच्या दिवशीच्या वजनाबरोबर दोन महिने अरणीत राहिल्यावर उरलेल्या मालाचीही नोंद ठेवावी; शेतकऱ्याच्या हिशेबात तोच आकडा धरला जातो.

कळावे,

आपला विश्वासू,
सातगाव पठारावरील एक बटाटा उत्पादक