दादांच्या पायाबद्दल

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र पोचलं. दादांच्या कुष्ठरोगाच्या १२ महिन्यांच्या गोळ्या संपल्या, डॉक्टर म्हणतात बरे झालात, आणि तळपायाला अजून काही कळत नाही. मग हे बरं होणं कसलं, असं तू विचारतोस. सरळच सांगतो. एमडीटीने, म्हणजे त्या गोळ्यांनी, रोगाचे जंतू मेले, त्यात शंका नाही. पण सुजून निकामी झालेल्या नसा त्या गोळ्यांनी जाग्या होत नाहीत.

बधिरपणा ६ महिन्यांच्या आतला असेल तर डॉक्टर नसांची सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि पुष्कळदा जाणीव थोडीफार परत येते. साखर, बीपी बघून सुरू करतात, हळूहळू उतरवत नेतात. आपल्या मनाने मध्येच सोडायचं नाही. एमडीटी संपल्यावरही नस नव्याने सुजू शकते, म्हणून हातांवर लक्ष ठेव. दादांना डोळे मिटायला सांग, करंगळीवर बॉलपेनचं टोक हलकेच टेकव आणि कुठे टेकलं ते दुसऱ्या हाताने दाखवू दे. चुकायला लागले किंवा कोपराशी नस दुखायला लागली, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठ.

पायाचा बधिरपणा मात्र तीन वर्षांचा. तिथली जाणीव परत येईल असं मी म्हणणार नाही. तेलवाले, लेपवाले म्हणतील, त्यांना दारात उभं करू नकोस. बोटं रोगाने झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात, हे वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी केव्हाच दाखवून दिलंय. चपलेत घुसलेला बाभळीचा काटा घेऊन दादा दिवसभर वावरात फिरतील आणि लंगडणारही नाहीत. खरा घात तिथे आहे.

म्हणून रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात २० मिनिटं. गरम पाणी नको, त्यांना चटका कळणार नाही. घट्टे खरबरीत दगडाने हलके घासायचे, पाय ओला असतानाच खोबरेल चोळायचं. मग आरसा धरून तळवा बघायचा. नजर अधू झालीय, तर वहिनींनी बघावं. लाली किंवा फोड दिसला की दुसऱ्या दिवशी वावर बंद. दादा ऐकणार नाहीत, माहीत आहे मला!

एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराच्या, चपला मऊ असतात, जिल्हा रुग्णालयात विचार. मागे पट्टा हवाच. बधिर पायातून चप्पल निसटलेली कळत नाही.

आणि त्यांचं ताट अजून वेगळं ठेवता, हे वाचून राग आला. आजच बंद करा.

तुझाच,
पम्या