फेसबुकचा जन्म आणि पडद्यावरचा प्रेमभंग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेसबुकच्या जन्माची गोष्ट सांगणाऱ्या ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) या चित्रपटाच्या निर्मितीवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. आरन सॉर्किन यांची १६२ पानांची पटकथा दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी कलाकारांकडून भरभर बोलवून घेऊन दोन तासांत कशी बसवली आणि हार्वर्ड विद्यापीठाने चित्रीकरण नाकारल्यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे आवार कसे उपयोगी आले, हे लेखकाने छान सांगितले आहे. मात्र ज्या प्रसंगावर कथेचा सगळा डोलारा उभा आहे, तो कल्पित असल्याचा उल्लेख लेखात नाही.

तो प्रसंग पहिलाच. गजबजलेल्या बारमध्ये मार्क (फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांचे पात्र) आणि त्याची मैत्रीण एरिका समोरासमोर बसले आहेत. तो तिचे वाक्य पुरे होऊ न देता एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि शेवटी ती नाते तोडून निघून जाते. या दृश्याचे ९९ टेक घेतले गेले. पुढे रागाच्या भरात मार्क ‘फेसमॅश’ हे विद्यार्थिनींच्या छायाचित्रांची तुलना करणारे संकेतस्थळ तयार करतो. त्या रात्रीच्या खऱ्या झुकरबर्ग यांच्या ऑनलाइन नोंदीत एका मुलीवरचा राग होता, हे खरे; पण एरिका अल्ब्राइट हे पात्र आणि ते संभाषण पटकथाकाराचे आहे. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या प्रिसिला चॅन यांच्याशी झुकरबर्ग यांची ओळख २००३ मधली, तर फेसबुक सुरू झाले त्यानंतर, ४ फेब्रुवारी २००४ रोजी. चित्रपटातले आपले कपडे अगदी अचूक आहेत, पण फेसबुक काढण्यामागचा हेतू चुकीचा दाखवला आहे, असे झुकरबर्ग यांनी स्वतः सांगितले होते.

एरवी हा चित्रपट सावध आहे. फेसबुकचे सहसंस्थापक एदुआर्दो सॅव्हरिन यांचा एक आणि आपली कल्पना चोरल्याचा आरोप करणारे हार्वर्डचे विद्यार्थी विंकलव्हॉस बंधू व दिव्य नरेंद्र यांचा दुसरा, अशा दोन दाव्यांतील जबाबांतून तो उलगडतो आणि कोणाचे खरे मानायचे हे प्रेक्षकावर सोडतो. (जुळ्या भावांपैकी एकासाठी जॉश पेन्स यांच्या धडावर आर्मी हॅमर यांचा चेहरा संगणकाने बसवण्याइतके कष्ट घेणाऱ्यांना नरेंद्र यांच्या भूमिकेसाठी भारतीय वंशाचा नट मिळू नये, याचे वाईट वाटते.) बारमधला प्रसंग मात्र कोणाच्याच जबाबातला नाही, तरी तो घडलेली गोष्ट म्हणूनच समोर येतो, आणि शेवटच्या दृश्यातही मार्क एरिकालाच फ्रेंड रिक्वेस्ट पाठवून पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत बसतो.

मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. फेसबुक का निघाले असे वर्गात विचारले, की प्रेमभंगाचे उत्तर हमखास येते. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांची छायाचित्रे असलेल्या छापील ‘फेसबुक’ पुस्तिका आधीपासून होत्या, त्या सर्वांसाठी एकत्र ऑनलाइन मिळाव्यात अशी तेथील विद्यार्थ्यांची मागणी होती, हे कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा हयात व्यक्तींवरील चित्रपटांविषयी लिहिताना नोंदींतले काय आणि रचलेले काय, हे सांगणारी एक चौकट लेखासोबत द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक प्राध्यापक, नाशिक