बाबांना अजून वीस वर्षं हवीत

फोंडा,
मिरगाचा पहिला रविवार

प्रिय मोहन,

आठ महिने झाले, पत्र नाही फोन नाही, चूक माझीच, घाल शिव्या आणि मोकळा हो. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझे गणपती रोज येतात, मी अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो. शुगर आहे तशीच, गुडघा आहे तसाच, वासंती बरी. आता मुद्द्याचं बोलतो. फोनवर जमणार नाही कारण बाबा पलीकडच्या खोलीत असतात आणि हल्ली त्यांना नको ते बरोब्बर ऐकू येतं.

मे महिन्यात निनाद आलेला. दुपारची जेवणं, ताटात मानकुराद, बाबा बाठा चोखत बसलेले, आणि आमचे चिरंजीव (आता हा शब्द लिहितानासुद्धा दचकायला होतं बघ) आयुष्य वाढवायच्या औषधांबद्दल सांगत होते. रापामायसिन म्हणे. ईस्टर आयलंड नावाचं बेट आहे ना, तिथली माती १९६४ साली कॅनडाच्या लोकांनी गोळा करून नेली, त्यातल्या जिवाणूपासून हे निघालं. कंपनीने मध्येच काम बंद केलं तेव्हा सुरेंद्रनाथ सेहगल नावाच्या आपल्याकडच्याच माणसाने ते घरच्या फ्रीजरात जपून ठेवलं. आज किडनी बदललेल्यांना देतात, नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून. पण २००९ साली अमेरिकेत म्हाताऱ्या उंदरांना, म्हणजे माणसाच्या हिशोबाने साठीतल्या, ते खायला घातलं तर नरांचं आयुष्य ९ टक्के वाढलं आणि माद्यांचं १४ टक्के. वासंती लगेच म्हणाली, बघा, तिथेही बायकाच टिकल्या.

बीपीची गोळी घ्या म्हणून चार वेळा ओरडलं तरी बाबांना ऐकू जात नाही. हे मात्र एका दमात ऐकलं. म्हणाले, "मला कधी मिळणार ते?"

निनाद हसला, "किती वर्षं हवीत आजोबा?"

"वीस पुरेत. बांधाची केस तरी संपेल."

सगळे हसले. मी पण हसायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "पुरे झालं हो बाबा, ब्याण्णव काय कमी झाली?" मस्करीच करायची होती रे, पण आवाज मस्करीचा निघाला नाही. बाबांनी बाठा ताटात ठेवला, हात पुसले आणि अगदी हळू विचारलं, "तुला घाई आहे?"

त्यानंतर निनाद बराच वेळ समजावत राहिला, की मुद्दा नुसती वर्षं वाढवायचा नाही, निरोगी वर्षं वाढवायचा आहे, माणसाचं आयुष्य या औषधाने वाढतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, वर त्याने प्रतिकारशक्ती दबते, वगैरे. कुणाचं लक्ष होतं? माझ्या डोक्यात गणित चालू झालेलं. ब्याण्णव आणि वीस एकशे बारा. तेव्हा मी सत्त्याऐंशी.

तुला ८१ साल आठवतं? पणजीच्या स्टँडवर तू मुंबईच्या बसमध्ये चढताना मला म्हणालास, "तू बापाच्या मरणाची वाट बघत जगणार." दोन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. अजूनही म्हणतो, तू तसं बोलायला नको होतंस. आणि चूक तुझीच होती, कारण बाबांनी मला अडवलं नव्हतं, मीच राहिलो. पण राहिलो तो सदुसष्टाव्या वर्षीसुद्धा या घरात झीलच, म्हणजे पोरगाच. लाइटचं बिल त्यांच्या नावावर, नारळ पाडणाऱ्या पाडेलीला किती द्यायचे ते तेच सांगणार, सोप्यावरची आरामखुर्ची हलवायची तरी त्यांना विचारून.

निनादनेच अजून एक गोष्ट सांगितली, तेव्हापासून झोप नाही. फ्रान्समध्ये जान कालमाँ नावाची बाई होती, १२२ वर्षं १६४ दिवस जगली, १९९७ला गेली. ती नव्वदीची असताना, १९६५ साली, एका नोटरीने तिच्याशी करार केला, की महिन्याला २५०० फ्रँक देतो, तू गेल्यावर घर माझं. तो सत्तेचाळीसचा. तीस वर्षं भरले त्याने, घराच्या दुपटीहून जास्त पैसे गेले, आणि १९९५ साली तोच आधी गेला! उरलेले हप्ते त्याच्या बायकोने भरले. घरातले सगळे पोट धरून हसत होते, मला तो नोटरी ओळखीचा वाटत होता. आपल्या गोव्यात बापाला मुलाचा हिस्सा मारता येत नाही, पोर्तुगीज गेले पण १८६७च्या सिव्हिल कोडचा हा वारसा ठेवून गेले. पण हिस्सा हातात येतो कधी? बाप गेल्यावर, इन्व्हेंटरी म्हणजे मालमत्तेची मोजदाद-वाटणी झाल्यावर.

अमेरिकेत एक ब्रायन जॉन्सन आहे, कोट्यधीश, वय थांबवायला वर्षाला वीस लाख डॉलर खर्च करतो. २०२३ साली त्याने आपल्याच सतरा वर्षांच्या पोराचा प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला, आणि स्वतःचा आपल्या म्हाताऱ्या बापाला दिला. नंतर म्हणाला, मला काही फायदा दिसला नाही. ययाती म्हणू नकोस, मीच म्हणणार होतो.

आणि देवस्थानच्या कमिटीचा विचार कर. ही मंडळी दीडशे वर्षं जगली तर? वामन तर साठी उलटल्यावरही उत्सवाच्या नाटकात राजपुत्रच करतो, तेही औषध न घेता. पोरं तीस वर्षं भालदार-चोपदार करून कंटाळली.

निनाद म्हणतो, औषध स्वस्त होईल, मग सगळ्यांना मिळेल. होईलही. पण सरिता, बाबांचं सगळं तीच बघते, खानापूरची, तिची आई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी किडनीने गेली. तिथे डायलिसिसच वेळेवर मिळालं नाही, आपण एकशे बाराच्या गोष्टी करतोय. मी हे बोललो तर सरिता म्हणते कशी, "आजोबांना देऊन टाका साहेब, माझी नोकरी वीस वर्षं पक्की." हिच्याएवढं स्वच्छ आपल्यापैकी कुणी बोललं नाही.

काकींच्या तेराव्यानंतर तू आलेलास, मिरामारच्या कठड्यावर बसून म्हणालास, ती सुटली असं लोकांना सांगतो पण सुटलो मी. मी तेव्हा काहीच बोललो नाही, उठून शेंगदाणे आणले. म्हणून हे तुलाच लिहितोय. माझे बाबा धडधाकट आहेत रे, काकींसारखे अंथरुणावर नाहीत, तरी माझ्या मनात ते आलं. तुझ्या मनात निदान सहा वर्षं उशाशी बसल्यावर आलं.

बरं, मेधाचा मोतीबिंदू निघाला ना? पोरीचं ठरलं असं वामनकडून कळतं, तुझ्याकडून नाही, तारीख कळव. डोंबिवलीत पाणी तुंबलं का?

राहिलंच. निनाद गेल्यावर बाबांनी माडाची तीन रोपं मागवली. मी म्हटलं ठेंगू लावूया, तीन-चार वर्षांत धरतो. नाही, बाणावलीच पाहिजे. सहा-सात वर्षं लागतात त्याला. काल पावसात दोन खड्डे मारले, बाबा छत्री धरून उभे, माझ्यावर नाही, रोपावर. तिसरा खड्डा उद्या, कंबर राहिली तर.

तुझा,
दिलीप