मांजरांसाठी भंगारातलं खाणं-यंत्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घर बंद करून कुठे जायचं म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न, मांजरांचं काय? आमच्या वाडीत बऱ्याच घरांत म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात, तपासणीला गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नाहीतर कोल्हापूरला जावं लागतं, कधी मुक्काम पडतो, आणि शेजारच्या घराला पण कुलूपच असतं. मग जाताना ताटभर भातात सुकट कालवून पडवीत ठेवतात. इथल्या दमट हवेत ते रात्रीपर्यंत आंबतं, मुंग्या लागतात, मांजर हुंगून निघून जातं. "मांजर काय, उंदीर मारून खाईल" असं म्हणणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय की दोन-तीन दिवस पोटात काहीच गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते दगावू शकतं, जाड मांजराला तर जास्तच धोका.

दुकानातले ऑटोमॅटिक फीडर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खाणं टाकणारी यंत्रं, महाग, त्यात बरेचसे वायफायवर चालणारे, आणि पावसात लाईट गेली की वायफाय पण गेलं. म्हणून वाडीतल्या वायरमनला हाताशी धरून मी भंगारातून एक बनवून घेतलाय आणि तो छान चालतो. वर गोडेतेलाचा ५ लिटरचा कॅन उलटा, सोड्याच्या गरम पाण्याने धुवून खडखडीत वाळवलेला. त्याचं तोंड कापून रुंद करावंच लागतं, नाहीतर मांजराच्या कोरड्या खाण्याचे दाणे एकमेकांत अडकून कमान धरतात आणि खाली काहीच पडत नाही. कॅनखाली चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आडवा, दोन्ही बाजूंना टोप्या, वरून दाणे आत यायला एक भोक आणि बरोबर त्याच्या खाली पडायला दुसरं. आत चार पात्यांचं चाक फिरतं, विहिरीवरच्या रहाटासारखं, एका कप्प्यात दाणे भरतात आणि फिरून खाली सांडतात. पाती आइस्क्रीमच्या डब्याची आणि त्यांच्या कडांना जुन्या हवाई चपलेच्या रबराच्या पट्ट्या. ह्या पट्ट्या फार महत्त्वाच्या आहेत कारण दाणा कडेला सापडला की रबर वाकतं आणि चाक अडत नाही.

हे चाक फिरवायला मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी मोटर भंगारात मिळते, सावकाश फिरते, कधी उलटी कधी सुलटी सुरू होते पण आपल्या चाकाला दोन्ही चालतं. पण ती बहुतेक थेट घरच्या लाईटवर चालणारी असते, आणि ओल धरणाऱ्या पडवीत मांजराच्या खाण्याजवळ तो करंट नको, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा १२ व्होल्टची गिअरवाली छोटी मोटर घ्या आणि यूपीएसची जुनी बॅटरी. ती कॉम्प्युटरला पुरत नाही म्हणून बदललेली असते पण ही मोटर आरामात ओढते, आणि लाईट गेली तरी मांजर उपाशी राहत नाही. ठरल्या वेळी मोटर चालू-बंद करणारा डिजिटल टायमर तेवढा नवा आणावा लागतो. तो कमीत कमी एक मिनिट चालू राहतो म्हणून मोटर जितकी सावकाश तितकं बरं, एका मिनिटात किती पडतं ते काट्यावर मोजून घ्या. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, ते दोन-तीन वेळांत विभागायचं.

एक गोष्ट हात जोडून सांगते, आंब्याच्या बागेतले फवारणीच्या औषधाचे कॅन कितीही धुतले तरी ह्याला वापरू नका, रंगाचे डबेपण नकोत. आपल्याकडे हे कॅन घराघरात पडलेले असतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

ह्यात फक्त कोरडं खाणंच घालायचं, भात-मासे नाहीत. पावसाळ्यात दोन दिवसांपुरतंच भरा, ओल लागली की बुरशी धरते आणि बुरशीचं खाणं विषारी असू शकतं. हे ज्या स्टँडवर बसवाल त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढत नाहीत. माकडं येत असतील तर कॅन भिंतीला पट्टीने आवळून टाका. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं म्हणून प्यायचं पाणी दोन जड भांड्यांत वेगवेगळ्या जागी ठेवायचं, एक कलंडलं तर दुसरं. आणि आपण घरात असतानाच काही दिवस चालवून बघा म्हणजे मांजराला मोटरच्या आवाजाची सवय होते. पिल्लं आणि आजारी मांजरं मात्र ह्याच्या भरवशावर सोडू नयेत, आणि दिवसातून एकदा कोणीतरी डोकावलंच पाहिजे.

गणपतीला घर उघडतं तेव्हा दारात जमणाऱ्या मांजरांना आपण सगळेच भरवतो, नंतर कुलूप लागतं आणि ती त्याच दारात बसून राहतात. त्यांच्यासाठी फीडर पुरणार नाही, ते शेजाऱ्यांशी बोलूनच ठरवायला हवं.

आपल्याकडे एक विनंती. आपल्या पुरवणीत ह्याची आकृती छापाल का? ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाताशी मोटर, सेन्सर सगळं असतं, त्यांना हा प्रोजेक्ट दिला तर मुलं ह्यापेक्षा चांगला बनवतील आणि गावातल्या एकट्या आजी-आजोबांच्या घरी बसवूनपण देतील. माझ्याकडची कागदावरची आकृती मापांसकट सोबत पाठवते आहे.

आपली,
एक वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग