रेड लावलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही

संपादक, नमस्कार.

सांगली-मिरजेकडच्या पतसंस्था, दवाखाने, सीएंची ऑफिसं इथले कॉम्प्युटर बघायचं काम मी करतो म्हणून हे लिहितोय. हल्ली सर्व्हर घेतला की व्हेंडर त्याच्यासोबत हार्डवेअर रेडचं (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची पद्धत) कार्ड गळ्यात मारतो आणि वर सांगतो आता डेटा जाणारच नाही. कार्ड वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, बॅटरीवाली कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता धरून ठेवणारी मेमरी) असलेलं चांगलं कार्ड असेल तर डेटा लिहिताना मध्येच लाईट गेली तरी ते निभावून नेतं, मोठ्या हॉस्पिटलने जरूर घ्यावं. पण दोन डिस्कच्या मिररवर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच माहिती ठेवून, चालणाऱ्या छोट्या ऑफिसला त्यात फायदा कमी, अडकणंच जास्त. कार्ड डिस्कवर स्वतःच्या पद्धतीने माहिती लिहितं, त्यामुळे काही वर्षांनी कार्डच जळालं की त्याच कंपनीचं जुळणारं कार्ड शोधत फिरा. एका संस्थेत हेच झालं, दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या पण दुसऱ्या कंपनीचं कार्ड इनिशियलाइज करू का, म्हणजे डिस्क नव्याने कोरी करून घेऊ का, म्हणून विचारत होतं, कोणी हो म्हटलं असतं तर ठेवीदारांचे हिशोब गेलेच असते.

कार्डाशिवाय असा मिरर करणारं लिनक्सचं एमडीएडीएम (mdadm) फुकट आहे, डिस्क काढून कुठल्याही जुन्या पीसीला लावा, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, एक कमांड दिली की मिरर समोर येतो. आजच्या प्रोसेसरला त्याचं ओझंही होत नाही. फक्त यूपीएस चांगला हवा.

पण खरी कळकळ पुढची आहे. मिरर कार्डाचा असो की लिनक्सचा, चुकून डिलीट केलेली फाईल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते, रॅन्समवेअर (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर दोन्ही डिस्क लॉक होतात आणि २०१९ सारखा पूर आला तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क पाण्यात. म्हणून इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, वेगळीकडे घ्याच. त्यासाठी तैवानमध्ये बनलेलं क्लोनझिला फुकट आहे, ते डिस्कचा फक्त वापरलेला भाग उचलतं त्यामुळे इमेज आटोपशीर होते, मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून चालवावं लागतं एवढंच, आणि परत टाकताना नवी डिस्क निदान तेवढ्याच साइजची लागते. खडखडणाऱ्या डिस्कवर मात्र हे चालवू नका, तिथे बिघडत्या डिस्कवरून डेटा काढणारं डीडीरेस्क्यू वापरा, ते आधी चांगला भाग वाचून घेतं, खराब भागाकडे नंतर वळतं आणि मध्ये थांबलं तर नोंदीवरून पुढे सुरू होतं.

पतसंस्थांच्या ऑडिटरना माझी विनंती आहे, बॅकअप घेता का एवढंच विचारू नका, मागच्या महिन्याची इमेज दुसऱ्या मशीनवर टाकून एखाद्या सभासदाचं खातं उघडून दाखवायला सांगा.

– एक वाचक, सांगली