गळवावर हळद लावाल, नाकातल्या जंतूचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यातल्या गळवांवर नैसर्गिक इलाज सांगणारा लेख आपल्या पुरवणीत आला आणि आमच्या पोरांनी तो कापून तालमीतल्या आरशाशेजारी चिकटवला. हळदीचा लेप, कडुलिंबाचं पाणी, लसणीचा रस, मध. त्यात वाईट काही नाही, पण अर्धंच आहे. मी डॉक्टर नव्हे. करवीर तालुक्यातल्या एका गावात तालीम सांभाळतो, पोरं वस्ताद म्हणतात. गळू, केसतूड, सोललेलं कोपर हे रोजच्या बघण्यातलं, म्हणून चार ओळी लिहितोय.

हळदीशी आमचं वैर असायचं कारणच नाही. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती तयार करताना तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालून ती मळतात. ज्याच्या अंगात तो वास मुरलाय त्याला हळद सोड म्हणायची माझी छाती नाही. पण त्याच हौद्यात रोज लोळणाऱ्या पोरांना गळवं होतात, हेही तितकंच खरं.

हळदीवर कुणी शंका घेतली की लगेच अमेरिकेच्या पेटंटची गोष्ट निघते. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट तिकडे १९९५ साली दिलं गेलं, सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, माशेलकर साहेब तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. अभिमान आम्हालाही आहे. पण त्या भांडणात ठरलं ते एवढंच, की हे आपल्याकडचं जुनं ज्ञान आहे, कुणाचा नवा शोध नव्हे. हळदीने पू भरलेलं गळू बरं होतं असा निकाल कुणी दिलेला नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीतलं कर्क्युमिन जंतूंना रोखतं. लसूणही रोखते. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ साली हजार वर्षांपूर्वीचं डोळ्याचं औषध पुन्हा करून पाहिलं. त्यात लसूण, कांद्याच्या जातीची भाजी, दारू आणि गाईचं पित्त होतं, आणि त्या मिश्रणाने बशीतले औषधांना न जुमानणारे स्टॅफ जंतू, म्हणजे गळवं करणारेच जंतू, मेले. पण बशी वेगळी आणि माणसाची मांडी वेगळी. आमच्या एका पैलवानाने ठेचलेली कच्ची लसूण रात्रभर मांडीला बांधली. सकाळी गळू होतं तिथंच होतं, शेजारी भाजल्याचा फोड फुकटात.

मधाचंही तसंच. दवाखान्यात जखमेवर मध वापरतात, पण तो निर्जंतुक केलेला, वेगळा येतो. स्वयंपाकघरातल्या बाटलीतला नव्हे.

घरच्या इलाजांत मला खात्रीचा वाटतो तो गरम पाण्याचा शेक. स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटं धरायचं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि वापरलेलं फडकं उकळायचं. गळू आपोआप पिकतं आणि फुटतं. मोठं असेल तर डॉक्टर चीर देऊन पू काढतात, आणि खरा उपचार बहुतेक वेळा तोच असतो. नखाने दाबायचं मात्र नाही. नाकाजवळचं आणि वरच्या ओठावरचं तर अजिबातच नाही, तिथला संसर्ग आत डोक्याकडे चढू शकतो.

आणि लेपाबद्दल एक गोष्ट, जी त्या लेखात नव्हती. हळद जाड थापली की कातडी पिवळीधमक होते आणि भोवतीची लाली किती पसरली ते कुणालाच दिसत नाही. आमच्या एका पोराचा पाय असाच पिवळा रंगवून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी आधी साबणाने तो धुवायला लावला. मग लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "लाली ही रेघ ओलांडून गेली तर मध्यरात्र असली तरी या." तेव्हापासून तालमीत एक बॉलपेन कायम असतं. ताप आला, गळवापासून कातडीवर लाल रेघ वर चढायला लागली, ठणका सोसवेना, किंवा माणूस मधुमेही असेल, तर लेपाच्या नादात वेळ घालवू नये.

आता उरलेलं अर्धं. आमच्याकडे एका पावसाळ्यात गळवांची रांगच लागली. एकाचं बसायचं, दुसऱ्याचं उठायचं. एकाला तर बरं होऊन पुन्हा पुन्हा. कुणी रक्त बिघडलं म्हणालं, कुणी आंबे जास्त झाले म्हणालं, कुणी मेडिकलमधून पाच गोळ्या आणून दोन खाल्ल्या. शेवटी त्याच डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या नाकपुड्यांत कापसाची काडी फिरवून नमुने घेतले. गळवं करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू, म्हणजे वर सांगितलेला स्टॅफ, ज्यांच्या नाकात सापडला त्यांत एक पोरगा असा होता की त्याला आयुष्यात पुळी आलेली नाही. तालमीतला सगळ्यात टापटीप. रोज अंघोळ, नखं कापलेली.

झालं, दोन पालक माझ्याकडे आले की याला काढा. मी त्यांना बसवून सांगितलं जे मला बाईंनी सांगितलं होतं. साधारण दहांतल्या तिघांच्या नाकात हा जंतू राहतो आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. काही जणांत तो कायम असतो, काहींत येतो-जातो. काखेत, जांघेत, घशातही सापडतो. याला म्हणायचं वाहक. तो आजारी नव्हे आणि घाणेरडा तर मुळीच नव्हे. काढायचंच म्हटलं तर मग मलाही काढा, कारण माझं नाक कुणी तपासलेलं नाही. तो पोरगा अजून तालमीत आहे आणि ढाक डाव चांगला मारतो.

जंतू नाकात असेपर्यंत गप्प असतो. बोट नाकात जातं, बोटावरून टॉवेलला, टॉवेलवरून दुसऱ्याच्या सोललेल्या कोपराला. आमच्याकडे खिळ्याला एकच पंचा टांगलेला असायचा, मेहनत झाली की ज्याला घाम तो पुसणार. एकच वस्तरा, एकच साबणाची वडी. या वाटेवर हळद कुठंच आडवी येत नाही. आता पंचा ज्याचा त्याला, लंगोट रोज धुऊन उन्हात, आणि मॅट दररोज जंतुनाशकाने पुसायची. मातीला लोक नावं ठेवतात, पण मॅटच्या रेक्झिनवरही हा जंतू कित्येक दिवस तग धरतो. उघडी जखम असेल तर ती झाकता येईपर्यंत हौद्यात उतरायचं नाही. आणि बोटाला गळू असलेल्याने थंडाई घोटायची नाही! हा जंतू दुधात वाढला की विष सोडतो, ते विष नंतर उकळूनही जात नाही, आणि पिणारे दोन-चार तासांत ओकायला लागतात.

ज्याला पुन्हा पुन्हा होत होतं, त्याला आणि त्याच्या घरच्यांना नाकात लावायचं मलम पाच दिवस आणि अंघोळीला औषधी द्रावण दिलं. ते डॉक्टरांनीच द्यायचं, कारण वाहक दिसला की मलम असं करत सुटलं तर जंतू त्या मलमालाही दाद देईनासा होतो. मेथिसिलिन नावाचं स्टॅफवरचं औषध बाजारात आल्यावर दोनेक वर्षांत, १९६१ साली, त्याला न जुमानणारा स्टॅफ इंग्लंडात सापडला होता. आपल्याकडे अर्धी पाकिटं गिळणारे आणि मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून गजकर्णापासून गळवापर्यंत सगळ्यावर चोपडणारे गावोगावी आहेत.

जत्रेच्या मैदानांबद्दलही बोलायचं आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजनाच्या वेळी डॉक्टर पैलवानाची कातडी तपासतात. आपल्याकडे जोड लावताना वजन आणि नाव बघतात, पाठीवरचं वाहतं गळू कुणी बघत नाही. एक डॉक्टर आणि एक टेबल, एवढ्याने भागतं. यात्रा कमिट्यांनी यंदापासून हे सुरू करावं, आणि आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी घरगुती इलाज छापताना दवाखाना कधी गाठायचा ते त्याच चौकटीत छापावं. पोरं ते कात्रणही आरशाशेजारीच चिकटवतील.

आपला,
एक वस्ताद
ता. करवीर, जि. कोल्हापूर